पाहणाऱ्याचं काम

ठाण्यात १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं एका डॉक्टरने क्ष-किरणांच्या फिल्म वाचल्या आणि त्याच काळात माणसांची चित्रंही काढली. सुधीर पटवर्धन यांचा जन्म पुण्याचा, १९४९ सालचा. वैद्यकीय शिक्षणही पुण्यातच, वानवडीच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात. १९७२ मध्ये ते तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडले. चित्रकलेच्या कुठल्याही महाविद्यालयात ते शिकले नाहीत. २००५ मध्ये त्यांनी वैद्यकी थांबवली आणि तेव्हापासून ते पूर्णवेळ चित्रकार आहेत. चरित्राचा एवढा तपशील इथे पुरे. त्यातली मला हवी असलेली गोष्ट एकच: एकाच माणसाचे डोळे तीस वर्षं दोन वेगळ्या कामांना जुंपलेले होते.

चित्रकार पाहतो म्हणजे नेमकं काय करतो, हा या पानांचा विषय आहे. तो मांडायचा म्हटलं की आपल्याकडे लगेच प्रतिभा, अंतःप्रेरणा, तिसरा डोळा असे शब्द जमा होतात. या शब्दांशी माझं वैर नाही, पण त्यांनी काही कळत नाही. क्ष-किरण वाचणाऱ्याच्या खोलीपासून सुरुवात केली तर निदान पाय जमिनीवर राहतात.

छातीच्या फिल्मवर फुप्फुस नसतं, सावल्या असतात. शरीराची सगळी जाडी एका पातळीवर आलेली असते. पुढची बरगडी आणि मागची बरगडी एकमेकींवर पडलेल्या असतात. नवशिक्याला तिथे धुकं दिसतं. मुरलेल्या डॉक्टरला क्षणात कळतं की डाव्या बाजूला काहीतरी गडबड आहे. नेमकी काय, ते तो नंतर शोधतो. निरोगी छातीच्या हजारो फिल्म नजरेखालून गेल्यामुळे त्याच्या मनात एक अपेक्षा पक्की झालेली असते आणि त्या अपेक्षेला जिथे धक्का बसतो तिथे त्याचा डोळा थांबतो. म्हणजे त्याचं पाहणं बऱ्याच अंशी आधीच ठरलेलं असतं.

या ताकदीची किंमतही मोजावी लागते. ट्रॅफ्टन ड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन देऊन त्यांतल्या गाठी शोधायला सांगितलं होतं. शेवटच्या स्कॅनमध्ये एका गोरिलाचं चित्र घुसडलेलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलंच नाही. नजरेचा माग ठेवणाऱ्या यंत्राने पुढे दाखवलं, की या वीसजणांपैकी निम्म्याहून अधिकांची नजर थेट त्या जागेवर पडली होती. प्रकाश डोळ्यात गेला, पडद्यावर प्रतिमा उमटली, आणि तरी माणसाने काही पाहिलं नाही.

हा प्रयोग डॉक्टरांची फजिती म्हणून सांगितला जातो. मला तो आपल्या सगळ्यांविषयीचा वाटतो. डोळ्याला स्पष्ट दिसतं ते फार थोडं, समोरच्या दृश्यातला हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा भाग. बाकी सारं पुसट असतं. नजर सेकंदाला साधारण तीनदा उडी मारते आणि त्या उड्यांमधून मेंदू एक अखंड, स्थिर, रंगीत खोली उभी करून आपल्या हाती देतो. आपण तिला जग म्हणतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच म्हणून ठेवलं होतं, की पाहणं हे एक अनुमान आहे, फक्त ते आपल्या नकळत होतं. रोजच्या जगण्याला हे अनुमान पुरतं. लक्ष्मी रस्ता ओलांडताना प्रत्येक रिक्षाचा पिवळा कसा आहे याचा विचार करत बसलो तर धडगत नाही.

चित्रकाराला मात्र या तयार खोलीवर भागवता येत नाही. त्याला अनुमानाच्या अलीकडे जावं लागतं.

पुण्यात जलरंगांची परंपरा मोठी आहे. पर्वतीचा पायथा, मुठेचे घाट, पेठांमधले वाडे जलरंगात उतरवणाऱ्या पिढ्या इथे होऊन गेल्या आणि मिलिंद मुळीक यांच्यासारख्यांमुळे ही आवड पुण्याबाहेरही पसरली. या मंडळींबरोबर बाहेर पडलेल्या नवशिक्याला सुरुवातीलाच सांगितलं जातं, ‘डोळे बारीक करून बघ.’ डोळे किलकिले केले की तपशील पुसले जातात. खिडकीची नक्षी, दाराची कडी, पाटीवरची अक्षरं जातात आणि उजेड व सावलीचे चार-पाच ढोबळ तुकडे राहतात. मग लक्षात येतं की ‘पांढरी’ म्हणून ओळखलेली भिंत सावलीत चक्क निळसर राखाडी आहे आणि तिच्यापुढचा ‘काळा’ दगड उन्हात तिच्याहून उजळ आहे. भिंत पांढरी असते हे आपल्याला माहीत असतं. ही माहितीच पाहण्याच्या आड येते. डोळे बारीक करणं म्हणजे आपल्याच माहितीला थोडा वेळ बाहेर थांबायला लावणं. जाणिवेविषयीचे जाडजूड ग्रंथ जे सांगायला धडपडतात त्यातलं बरंचसं या एका सूचनेत आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मंडईत स्केचिंगला बसणाऱ्या कला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना दुसरी अडचण येते. समोरची बाई स्थिर बसत नाही. ती तागडी उचलते, वळते, गिऱ्हाइकाशी बोलते. एक रेघ मारून वर पाहावं तर खांद्याची जागा बदललेली. काही महिन्यांनी हात शहाणा होतो आणि बाईऐवजी तिच्या हालचालीतली पुन्हापुन्हा येणारी वळणं धरू लागतो. हे शहाणपण डोक्यात आधी आलं की हातात, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. मोबाइलवर फोटो काढून घरी चित्र रंगवणाऱ्याला ही अडचण येत नाही, त्यामुळे हे शहाणपणही येत नाही. (फोटोवरून काढलेली सगळीच चित्रं वाईट असतात असं नाही, बहुतेक असतात.)

पटवर्धनांकडे परत येऊ. त्यांना सेझान फार जवळचा, आणि सेझानने आयुष्यभर हाच प्रश्न धरला होता: समोरचा डोंगर मला दिसतो तसा, म्हणजे एका जागी खिळलेल्या डोळ्याला नव्हे तर मान वळवणाऱ्या, अंग असलेल्या माणसाला दिसतो तसा, कसा मांडायचा? फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पाँती यांनी १९४५ मध्ये सेझानच्या शंकेवर निबंध लिहिला तो याचमुळे. पटवर्धनांनी हा प्रश्न डोंगरावरून उचलून मुंबई-ठाण्याच्या गर्दीत आणला. १९७७ चं ‘इराणी रेस्टॉरंट’ असो की २००१ चं ‘लोअर परळ’, त्यांच्या चित्रापुढे उभं राहिल्यावर आधी आपण कुठे उभे आहोत हे ठरवावं लागतं. शहराच्या मोठ्या दृश्यांत तर एकाच कॅनव्हासवर पाहण्याच्या अनेक जागा असतात: रस्ता वरून दिसतो, इमारत समोरून, आणि एखादा माणूस अगदी हाताच्या अंतरावर असतो. कॅमेरा असं पाहत नाही. पुलावरून चालणारा माणूस मात्र असंच पाहतो.

त्यांच्या विचारात आणखी एक धार आहे आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. १९८१ मध्ये मुंबई-दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन झालं. गुलाममोहम्मद शेख, भूपेन खख्खर, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी यांच्यासोबत त्यात पटवर्धन होते. माणूस आणि त्याची जागा चित्रात परत आणायची असा त्या मंडळींचा आग्रह होता. डाव्या विचारांनी घडलेल्या पटवर्धनांनी कामगार, रस्त्यावरची माणसं, लोकलमधली माणसं रंगवली आणि मग स्वतःलाच अवघड प्रश्न विचारला: या माणसाकडे बघणारा मी कोण? मध्यमवर्गीय डॉक्टर गिरणीतल्या माणसाला पाहतो तेव्हा त्या पाहण्यात त्याची जात-वर्ग, त्याची सहानुभूती, त्याची भीती सगळं मिसळलेलं असतं. दवाखान्यात रोगी स्वतःहून अंग दाखवायला येतो. रस्त्यावरच्या माणसाने अशी परवानगी दिलेली नसते. जाणिवेची चर्चा एकट्या डोळ्यापुरती ठेवणाऱ्यांना ही बाजू दिसत नाही. पाहण्यात दोन माणसं गुंतलेली असतात, आणि दुसराही आपल्याकडे बघत असतो.

आता त्यांच्या अगदी उलट टोकाचा चित्रकार. मराठीत चित्रनिर्मितीच्या विचाराचं नाव काढलं की प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ आठवावंच लागतं. मौज प्रकाशनाने ते १९९० मध्ये काढलं. पुढे शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. बरव्यांचा जन्म १९३६ चा, अलिबागजवळच्या नागावचा. १९९५ मध्ये ते गेले. वडील चित्रपट स्टुडिओत काम करणारे, आणि नात्यातले आजोबा म्हणजे शिल्पकार वि. पां. करमरकर. पुणेकरांना हे दुसरं नाव ठाऊक नसेल, पण त्यांचं काम ठाऊक आहे: शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा करमरकरांचा, १९२८ सालचा, माझगावच्या गोदीत ओतलेला. त्या पुतळ्यात वजन आहे, स्नायू आहेत, घोड्याचा ताण आहे. त्याच घरातला बरव्यांचा कॅनव्हास पाहिला तर वजन नावाला उरलेलं नाही. एक पान, एक घड्याळ, एखादं फळ, शिंपला, ढग. सगळं सपाट, स्वच्छ, एकमेकांपासून दूर, जणू कुणी त्यांना नुकतंच जमिनीवरून सोडवलं आहे.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून १९५९ मध्ये पदविका घेतल्यावर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले आणि १९६१ ते १९६५ या काळात बनारसला होते. तिथे तंत्रमार्गी आकृत्यांशी त्यांची ओळख झाली हे सगळे सांगतात. मला त्याहून नोकरी महत्त्वाची वाटते. कापडावर आकृती परतपरत यायची असते, त्यामुळे दोन बुट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेचाही आकार ठरतो. ती जागा फसली तर सगळं कापड फसतं. बरव्यांच्या चित्रांत रिकामी जागा कधीच नुसती उरलेली नसते आणि याची शिस्त त्यांना मागाजवळ मिळाली असावी असा माझा अंदाज आहे. पुढे त्यांनी इनॅमलचे रंग वापरले, दारं-खिडक्यांना लावतात त्या जातीचे. हा रंग झटकन पसरतो, चकाकतो, हाताचा फटकारा लपवतो. चित्रकाराने इथे हात कसा फिरवला हे बघण्याची सवय असलेल्याची त्यामुळे पंचाईत होते. हातच दिसत नाही, फक्त वस्तू आणि तिची जागा.

‘कोरा कॅनव्हास’मधला विचार या चित्रांसारखाच संथ आणि नेटका आहे. रिकाम्या कॅनव्हासपुढे बसलेल्या माणसाच्या मनात पहिला आकार कसा येतो, वस्तू चित्रात येते तेव्हा तिचं काय होतं, चित्रातला अवकाश आणि खोलीतला अवकाश यांत फरक काय, असे प्रश्न बरवे हातातलं काम न सोडता विचारतात. सिद्धान्ताचा आव नाही. वापरातून सुटलेली वस्तू हा त्यांचा खरा शोध. घड्याळ वेळ सांगायचं थांबलं की ते काय असतं? आपण वस्तूंकडे सहसा बघत नाही, त्यांचा उपयोग बघतो. किल्ली म्हणजे कुलूप उघडायचं साधन. तिचे दात कसे आहेत हे ती हरवल्यावरच आठवायचा प्रयत्न होतो. ज्यांना हे पुस्तकात अवघड वाटेल त्यांनी बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं. तिथले अडकित्ते, दिवे, कुलपं यांचा वापर संपलेला आहे. काचेमागचा अडकित्ता सुपारी कातरत नाही आणि म्हणूनच पहिल्यांदा त्याचा पक्षी, त्याची मान, त्याचं पातं दिसतं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या या वस्तूंकडे पुणेकर इतिहास म्हणून जातो. एकदा बरव्यांचं पुस्तक वाचून जावं.

आपल्याकडे पाहण्याचा विचार अर्थातच चित्रकारांपासून सुरू झालेला नाही. पुण्यापासून तासाभराच्या आत आळंदी आहे, आणि ज्ञानेश्वरांच्या ‘चांगदेव पासष्टी’चा तर विषयच पाहणारा, दिसणारं आणि पाहणं ही त्रिपुटी. आरसा नसताना मुख आपल्या जागी असतंच, आरसा आला की तेच स्वतःला पाहतं, हा तिथला दृष्टान्त चित्रकारांनी जरूर वाचावा. विसाव्या शतकात मर्ढेकरांनी संवेदनांच्या रचनेत संवाद, विरोध आणि समतोल यांची लय शोधली. प्रभाकर पाध्ये यांनी ‘सौंदर्यानुभवा’त मानसशास्त्राला आणि मज्जासंस्थेच्या अभ्यासाला हाक दिली. ही परंपरा श्रीमंत आहे. तरी तिच्यात एक उणीव राहिली: ती बहुतेक वेळा कविता डोळ्यांपुढे ठेवून विचार करते. रंग ओला असताना काय होतं हे तिला माहीत नाही. म्हणून चित्रकारांच्या लिखाणाचं मोल अधिक.

आणि म्हणूनच चित्रकारांनी स्वतः अध्यात्माची शाल पांघरली की मला वाईट वाटतं. हल्ली प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत ऊर्जा, स्पंदनं, शून्यावस्था, वैश्विक चैतन्य यांची रेलचेल असते. त्रिपुटी मावळल्याचा अनुभव ज्याला आला त्याने पासष्ट ओव्यांत तो सांगितला. तेवढी नेमकी भाषा जवळ नसेल तर निळा रंग दोनदा का बदलावा लागला ते लिहिलेलं बरं. त्यातून वाचकाला जाणिवेविषयी जास्त कळतं.

जाणिवेतून स्मृती काढून घेतली तर पाहण्याचं काय होतं, या प्रश्नाचं उत्तर मला चित्रात नाही, चित्रपटात सापडलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) पुण्यातच घडतो. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री यांची स्मृती आजाराने विझत चालली आहे. मुलीच्या गाडीत बसलेले असताना त्यांना रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते त्याच्यामागे चालू लागतात. शास्त्रींची भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. कदाचित त्यामुळेच त्यांच्या शास्त्रीबुवांत कीव मागणारं काही नाही. मुलींची नावं, घराचा पत्ता, स्वतःची विद्वत्ता सगळं गेलं आहे, पण हत्ती दिसतो. इतका पूर्ण दिसतो की बाकी माणसांना तो कधी तसा दिसलाच नव्हता असं वाटावं. इथे सावध राहायला हवं. विस्मृतीला निरागस दृष्टीचा साज चढवणं हा घरच्यांवर अन्याय आहे, आणि चित्रपटातली मुलगी त्या अन्यायाचा भार उचलताना दिसते. चित्रकार डोळे बारीक करतो तेव्हा माहितीला बाहेर थांबवतो आणि हवी तेव्हा आत घेतो. शास्त्रीबुवांना परत आत घेता येत नाही. कलावंताचं पाहणं आणि हरवलेल्या माणसाचं पाहणं यांतला फरक एवढाच आहे, पण तो सगळं ठरवतो.

यातून माझा कौल स्पष्ट झाला असेल. पाहणं ही देणगी नाही, ते शिकता येणारं, विसरता येणारं आणि रोज करावं लागणारं काम आहे. पटवर्धन माणसांकडे गेले, बरवे वस्तूंकडे. एकाने कॅनव्हास भरला, दुसऱ्याने मोकळा ठेवला. दोघांनाही आधी स्वतःच्या नजरेतली सवय पकडावी लागली. ती पकडण्याची त्यांची रीत वेगळी, म्हणून चित्रं वेगळी. दोघांत थोर कोण, ही चर्चा मला निरर्थक वाटते. मात्र नव्या विद्यार्थ्याने आधी पटवर्धनांच्या वाटेने जावं असं मी सुचवेन. बरव्यांची वाट फसवी सोपी दिसते, आणि चार वस्तू मोकळ्या सोडून गूढ चित्र केल्याचं समाधान फार लवकर मिळतं.

वाचकाला एक विनंती. चित्रकारांचं लिखाण चित्रं न बघता वाचू नका. छापील प्रतिमेत इनॅमलची चकाकी येत नाही आणि आठ फुटी कॅनव्हास तळहाताएवढा होतो. पटवर्धनांनी २००८ च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं होतं, ते याच जाणिवेतून. असे योग रोज येत नाहीत. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा पुण्यात नाही. मुंबईत आहे, फोर्टमधल्या कावसजी जहांगीर सभागृहात, आणि रस्त्यापलीकडे थोडं चाललं की जहांगीर आर्ट गॅलरी. बरव्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन २०१९ मध्ये त्याच संग्रहालयात झालं आणि त्याच वर्षाअखेरीस पटवर्धनांचंही. तुम्ही जाल त्या दिवशी भिंतीवर कुणाची चित्रं असतील ती असोत, त्यांतल्या एकापुढे अर्धा तास उभे राहा आणि मग ही पानं उघडा. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला सुटते. संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं पाहून तिकीट काढा.